घनफळाचं फळ

आमचं दिंडोशीचं घर मी चौरस फुटांनी विकत घेतलं, पण राहायला आल्यावर लक्षात आलं की माणूस राहतो घनफुटांत. बिल्डरपासून रजिस्ट्रेशनच्या कारकुनापर्यंत एकाही इसमाने मला घराची उंची विचारली नव्हती. कार्पेट किती, बिल्टअप किती, सुपर बिल्टअप किती, यावर मात्र सगळ्यांनी मिळून माझं डोकं पिकवलं. २०१७ साली महारेरा आलं आणि कार्पेटवरच बोला असा दंडक झाला, तेव्हा त्यातलं थोडं पीक कमी झालं म्हणतात. पण उंचीचं नाव तेव्हाही कुणी काढलं नाही. ती फुकट मिळते. आणि फुकट मिळालेल्या वस्तूचा मध्यमवर्गीय माणूस काय काय उपयोग करतो हे बघायचं असेल तर आमचा माळा बघायला या.

स्वयंपाकघराच्या दारावर आठ फूट लांब, तीन फूट खोल आणि अडीच फूट उंच असा हा माळा आहे. म्हणजे साठ घनफूट. त्यात गणपतीचं मखर आहे, दोन आकाशकंदील आहेत, चिरंजीवांचा पाळणा आहे (चिरंजीव सध्या नववीत आहेत), वडिलांच्या वेळचा तांब्याचा बंब आहे, तीन सुटकेसा आहेत आणि एका नातेवाइकाने 'आठ दिवसांसाठी' ठेवायला दिलेला टेबलफॅन आहे, त्याला आता सहा वर्षं झाली. एका दिवाळीत साफसफाईच्या निमित्ताने हे सगळं खाली आलं, तेव्हा मला नको ती बुद्धी झाली. मी टेप घेऊन एकेक वस्तू मोजली. बेरीज आली सत्तर घनफूट! साठ घनफुटांच्या माळ्यात सत्तर घनफूट सामान गेली दहा वर्षं सुखाने नांदत होतं. मी हा चमत्कार मोठ्या आनंदाने सौ.ला सांगितला. ती फडकं झटकत म्हणाली, "लहान सुटकेस मोठीच्या पोटात असते, आणि तिच्या पोटात अजून लहान. तुम्ही तिन्ही वेगळ्या धरल्यात."

तेव्हाच मी शहाणा व्हायला हवं होतं. झालो नाही. म्हणून तर हा लेख.

तशी आमच्या घरात घनफळाची जाण सौ.लाच आहे, मला नाही. रात्री उरलेली आमटी कुठल्या पातेल्यात काठोकाठ बसेल हे ती नुसतं बघून सांगते. मी नेहमी एक तर इतकं मोठं पातेलं काढतो की आमटी तळाशी शोधावी लागते, नाही तर इतकं लहान की उरलेली आमटी ओट्यावर. बी.कॉम. मी आहे. तिचं शिक्षण बी.ए., मराठी घेऊन.

बँकेतही हेच. आमच्या शाखेत लॉकर आहेत. एका बाईंना त्यांच्या सासूबाईंचं चांदीचं ताट लॉकरमध्ये ठेवायचं होतं. बाईंनी तळहाताने ताट मोजलं, लॉकर मोजला आणि मला विचारलं, "यात याच्या दसपट जागा आहे ना?" आहे म्हटलं. "मग जात का नाही?" त्यांनी ते आडवं घालून पाहिलं, उभं घालून पाहिलं, तिरकं घालून पाहिलं. लॉकरमध्ये जागा भरपूर होती, फक्त ताटाच्या आकाराची नव्हती. शेवटी वाट्या लॉकरमध्ये गेल्या आणि ताट पिशवीतून परत घरी. मी काउंटरवर बसून विचार करत राहिलो की घनफळ हे माणसाच्या पगारासारखं आहे. आकडा पाहिला तर सगळं बसायला हवं.

माझं आणि घनफळाचं भांडण शाळेपासूनचं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, इथपर्यंत आमचं बरं चाललं होतं. पेटी असो, खोली असो, विटांची भिंत असो, तीन आकडे मिळाले की गुणायचं आणि शेवटी 'घन सेंटिमीटर' लिहायचं. 'घन' विसरलं की अर्धा मार्क जायचा. पण पुढे हौद आला. एका नळाने हौद सहा तासांत भरतो, दुसऱ्या नळाने तो नऊ तासांत रिकामा होतो, दोन्ही नळ एकदम सोडले तर हौद किती तासांत भरेल? उत्तर अठरा तास. हे मला आज येतं. तेव्हा मी उठून सरांना विचारलं होतं की दुसरा नळ बंद का करत नाहीत? वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "तो चालू आहे की बंद, एवढं बघायची अक्कल तुला येईल त्या दिवशी हे गणित सोडून दे. तोवर सोडव."

त्या वाक्याची आठवण ठेवा. मी ठेवली नाही.

बाकी ही हौदाची आणि खड्ड्याची गणितं इंग्रजांनी आपल्या माथी मारली असा माझा बरेच दिवस समज होता. तो चुकीचा निघाला. भास्कराचार्यांनी शके १०७२ म्हणजे इसवी सन ११५०च्या सुमारास 'लीलावती' लिहिली, तीत 'खातव्यवहार' नावाचं प्रकरणच आहे. खात म्हणजे खड्डा. खड्डा वेडावाकडा असेल तर लांबी, रुंदी आणि खोली प्रत्येकी ठिकठिकाणी मोजावी, प्रत्येकाची सरासरी काढावी आणि मग तिघींचा गुणाकार करावा, असं आचार्य सांगतात. पुढे विटांच्या राशीचं निराळं प्रकरण, लाकूड करवतीने कापण्याचं निराळं, धान्याच्या ढिगाचं निराळं. म्हणजे हा मनुष्य ग्रहताऱ्यांचं गणित मांडता मांडता गवंडी, सुतार आणि वाणी या तिघांच्याही उपयोगी पडला. चाळीसगावजवळच्या पाटण्याला, त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता, त्याचा शिलालेख देवळात आहे. मी एकदा ट्रिपमध्ये तिथे जाऊन आलो. शिलालेखासमोर उभा राहून मी सौ.ला खातव्यवहार समजावून सांगितला. ती म्हणाली, "आपल्या गल्लीतले खड्डे यांनी मोजले असते का हो?"

आणि मापं? १९५६ साली कायदा झाला आणि देशात मीटर-लिटर आले. शाळेत आम्ही घनमीटर शिकलो. किती सोपं! एक घनमीटर पाणी म्हणजे बरोबर एक हजार लिटर. पण घरी सुतार आला की तो फूट, इंच आणि सूत यांतच बोलतो. आठ सुतांचा एक इंच. वाळू आणि खडी येते ती ब्रासने, आणि एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. आता हाच ब्रास गवंड्याच्या तोंडी गेला की प्लास्टरसाठी शंभर चौरस फूट होतो! म्हणजे उंची तिथेही फुकट. फुटांतलं घनफळ काढायचं आणि पाणी लिटरमध्ये मागायचं, म्हणून दर घनफुटाला २८.३ लिटर असा हिशेब माझ्या डोक्यात कायमचा कोरून बसला आहे. आणि तोच मला भोवला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

दिंडोशीला पाण्याचा इतिहास आहे. पाणीवाली बाई म्हणून ज्यांना महाराष्ट्र ओळखत होता त्या मृणालताई गोऱ्यांचं हे गोरेगाव. पाण्यासाठी त्यांनी इथल्या बायकांना घेऊन मोर्चे काढले, आणि नागरी निवारा परिषदेची वसाहतही इथेच, दिंडोशीच्या टेकडीवर उभी राहिली. एका बाजूला चित्रनगरी, पलीकडे राष्ट्रीय उद्यान, आणि डोंगराआड विहार आणि तुळशी हे दोन तलाव. विहार १८६० सालचा, तुळशी १८७९ सालचा. विहार तुडुंब भरला की त्यात २७,६९८ दशलक्ष लिटर पाणी मावतं. मी एकदा हिशेब करून पाहिला. आमच्या सोसायटीच्या खालच्या टाकीएवढ्या पावणेनऊ लाख टाक्या होतील. इतकं पाणी डोंगराच्या पलीकडे, आणि अलीकडे आम्ही बादल्या लावून बसलेले.

२०२४ साली ५ जूनपासून मुंबईत दहा टक्के पाणीकपात सुरू झाली. दहा टक्के हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण टेकडीवरच्या माणसाला तो किरकोळ नसतो. पाणी खालच्यांना पोचून उरलं तर वर चढणार. आमच्या सोसायटीत टँकर येऊ लागले. दहा हजार लिटरचा एक टँकर. सोळा बिऱ्हाडं, त्यामुळे एक टँकर म्हणजे दीड दिवसाची चैन.

आमचे सेक्रेटरी काका रिटायर झालेले. अकरा वर्षं सेक्रेटरी, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नाही. टँकर बोलावणं, पैसे देणं, पावत्या फाइलला लावणं, सगळं काकाच करत. आणि माझ्या मनात, जूनच्या त्या चौथ्या शनिवारी, बँक बंद आणि मी घरी असताना, असा विचार आला की टँकरमध्ये खरोखर दहा हजार लिटर असतात का?

टँकर मोजण्याची सोय नाही. तो लंबगोल असतो, आणि लंबगोलाशी माझा परिचय नाही. पण पाण्याचा एक चांगला गुण आहे. ज्याच्या घरी जाईल त्याच्यासारखं होतं. टँकरमधून आमच्या टाकीत उतरलं की ते निमूटपणे चौकोनी होतं आणि माझ्या तावडीत सापडतं. टाकीची मापं मला पाठ होती, कारण एप्रिलमध्ये टाकी साफ केली तेव्हा मी लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून, टेप तोंडात धरून आत उतरलो होतो. टाकी सोळा फूट लांब, दहा फूट रुंद. तळ मात्र आमच्या गवंड्याने स्वतःच्या मर्जीने केलेला. म्हणून भास्कराचार्यांना स्मरून पाच ठिकाणी खोली मोजली आणि सरासरी काढली. सात फूट. अकराशे वीस घनफूट, म्हणजे सुमारे ३१,७०० लिटर. वर येताना शिडीचा गज हातातून सुटून माझं जे व्हायचं ते झालं, ते इथे सांगत नाही.

टँकर यायच्या आधी मी टाकीत काठी बुडवली. पाणी अकरा इंच. टँकर रिकामा होऊन गेल्यावर पुन्हा बुडवली. दोन फूट सात इंच. म्हणजे पाणी चढलं वीस इंच. दहा हजार लिटरला चढायला हवं होतं साडेसव्वीस इंच. मी चार वेळा गुणाकार केला. टाकीत आलेलं पाणी ७,५५० लिटर. जवळजवळ अडीच हजार लिटर हवेत!

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि खोटं कशाला बोलू, ती संतापाने नाही, आनंदाने लागली नाही. बावीस वर्षं कॅशची आणि लेजरची टोटल जुळवणाऱ्या माणसाच्या हाती एक न जुळणारी टोटल लागली होती, आणि तीही दुसऱ्याची. महिन्यातला हा अकरावा टँकर. अकरा गुणिले अडीच हजार, सत्तावीस हजार लिटर. एका टँकरवरून अकरा टँकरांचं अनुमान काढू नये हे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला स्टॅटिस्टिक्समध्ये शिकवतात. त्या दिवशी मी गैरहजर असेन.

रविवारी संध्याकाळी गच्चीवर सभा होती. विषय होता लिफ्टचा. मी 'आयत्या वेळचे विषय' येईपर्यंत दम धरला आणि मग उभा राहिलो. कागदावर आकृती काढून नेली होती, टाकीची, तिन्ही बाजू दाखवून. लोकांनी आकृती हातोहात फिरवली. आमच्या सभेत आकृती कधी आली नव्हती, त्यामुळे तिच्यावर सगळ्यांचा तात्काळ विश्वास बसला. मी काकांवर आरोप केला नाही. एवढंच म्हणालो की, "पैसे पूर्ण दहा हजारांचे जातात आणि पाणी साडेसात हजारांचं येतं. मधलं कुठे जातं, हे ज्यांच्या हातात व्यवहार आहे त्यांनी सांगावं." आता तुम्हीच सांगा, आरोप याहून निराळा कसा करतात?

काका बसले होते ते उठले. त्यांनी आकृतीकडे पाहिलं. काहीतरी बोलतील असं वाटलं, पण त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून खुर्चीवर ठेवला. "उद्यापासून दुसरं कुणी बघा," एवढं म्हणाले आणि जिना उतरून गेले. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बरं झालं, कुणीतरी बोलायलाच हवं होतं." खाली घरी गेलो तर सौ.ने ताट वाढलं होतं, पण बोलली नाही. आमटी बरोबर वाटीत मावेल एवढीच होती.

सोमवारी रात्री टँकरवाल्याला खरमरीत पत्र लिहायला बसलो. पत्राला पुरावा लागतो, म्हणून गाडीचा नंबर बघायला वॉचमनकडचं रजिस्टर मागवलं. शनिवारचं पान उघडलं. 'टँकर आला २.३५, गेला ३.१०.' त्याच्याच खाली, त्याच वेड्यावाकड्या अक्षरात, 'मोटर चालू २.४०, बंद ३.०५.'

मी ती ओळ दोनदा वाचली. मग खाली गेलो.

"मोटर कशाला लावली होती तेव्हा?"

"साब, ऊपर पानी खतम था. तीसरे माले से फोन आया. रोज तो सेक्रेटरी साब खुद आके बंद करवाते हैं, उस दिन वो थे नहीं."

आमची मोटर मिनिटाला शंभर लिटर पाणी गच्चीवर चढवते, हे तिच्या कंपनीच्या पट्टीवरच लिहिलेलं आहे. पंचवीस मिनिटं. अडीच हजार लिटर.

म्हणजे एका नळाने हौद भरत होता आणि दुसऱ्याने रिकामा होत होता. वाचकहो, बँकेत माझ्या काउंटरवर रोज एक तरी माणूस येतो आणि विचारतो, "मी दहा हजार भरले, मग बॅलन्स साडेसात हजारांनीच कसा वाढला?" मी चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणतो, "मधे काढले असतील, पासबुक नीट वाचा." हेच बावीस वर्षं सांगत आलो.

रात्रीचे साडेदहा वाजले होते. तरी काकांची बेल वाजवली. दार काकांनीच उघडलं. आत काकू कॉटवर बसलेल्या, डोळ्यांना काळा चष्मा. शनिवारी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. काका सकाळपासून त्यांच्याबरोबर होते आणि संध्याकाळी रिक्षाने परतले होते. सभेत एका शब्दाने बोलले नाहीत.

"काका, माझं चुकलं," मी म्हणालो. "मोटर चालू होती."

"असणारच," काका म्हणाले. "बस."

मग त्यांनी कपाटामागून एक काठी काढली. साधी वेताची काठी. तिच्यावर चाकूने दोन खाचा केलेल्या. पहिल्या टँकरला त्यांनी टँकरवाल्याच्या गोडाऊनला जाऊन, समोर उभं राहून काट्यावर भरलेली आणि रिकामी गाडी वजन करून घेतली होती. दहा टन पाणी म्हणजे दहा हजार लिटर. मग तो टँकर टाकीत सोडून, मोटर बंद ठेवून, पाणी कुठून कुठपर्यंत चढलं तिथे खाचा केल्या. बस्स. पुढे दर टँकरला काठी बुडवायची आणि दोन खाचांएवढं चढलं की नाही बघायचं. सोबत एक वही. अकरा वर्षांच्या सगळ्या टँकरांची. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात 'बरोबर'. मधे तीन ठिकाणी 'दोन बोटं कमी, पैसे कापले.'

मी माझ्या खिशातली पट्टी काढून खाचांमधलं अंतर मोजलं. साडेसव्वीस इंच.

"गुणाकार केला नाहीत?" मी विचारलं.

"मी आठवी पास," काका म्हणाले. "हौदाचं गणित चुकलं म्हणून शाळा सुटली."

मंगळवारी सकाळी मी नोटीस बोर्डावर माझं माफीपत्र लावलं, रजिस्टरच्या पानाच्या झेरॉक्ससकट. ते किती जणांनी वाचलं ठाऊक नाही, कारण त्याला आकृती नव्हती. पाठीवर थाप मारणारे गृहस्थ लिफ्टमध्ये भेटले, पण त्यांनी छताकडे पाहून पंख्याची चौकशी केली. काकांना किल्ल्या परत घ्यायला चार जणांनी विनवलं. ते घेईनात. हिचे डोळे सांभाळायचे आहेत, म्हणाले, शिवाय सोसायटीत आता गणित येणारा माणूस आहे. कमिटीने एकमताने मला हंगामी सेक्रेटरी केलं. माझं मत कुणी विचारलं नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात टँकर आला, तेव्हा मी कॅज्युअल लीव्ह टाकली होती. मोटरच्या स्विचसमोर खुर्ची टाकून बसलो होतो, मांडीवर काठी आणि वही. तिसऱ्या मजल्यावरून दोनदा फोन आला, तो मी उचलला नाही. काका वर गॅलरीत उभे.

"मोटर बंद आहे ना रे?"

"बंद आहे, काका."

"हात लावून बघ. नुसतं बटण बघू नकोस."

मी मोटरला हात लावून पाहिला. गार होती. पाइपचा आवाज थांबला तसा मी झाकण सरकवून काठी बुडवली, वर काढली आणि उन्हात धरली. वरची खाच ओली होती, तिच्या वर सूतभर कोरडं सुरू होत होतं. मी गॅलरीकडे बघून मान डोलावली. काकूंनी काळा चष्मा कपाळावर सरकवला, कठड्यावरून वाकून माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "बारीक झालास रे. चहा टाकते, वर ये. आणि ती काठी घेऊन ये, खाली ठेवलीस तर कुणीतरी कुत्र्यामागे नेईल."